कोरमंगलाचं घर आणि सिमेंटचं परमिट



बेंगळुरूच्या पोस्टिंगवर लिही, असा निरोप बऱ्याच जणांनी धाडला होता. सियाचीन, तवांग, राजौरी यांवर लिहायला सैनिकाला विचार करावा लागत नाही. बेंगळुरूवर काय लिहायचं? पीस पोस्टिंग, रविवारी इडली, संध्याकाळी ट्रॅफिक. मी खडकीचा, बॉम्बे सॅपर्सचा माणूस. इथं एमईएसमध्ये आलो तेव्हा वाटलं होतं, तीन वर्षं गळके नळ आणि क्वार्टरच्या तक्रारी यातच जाणार. बरीचशी तशीच गेली. पण कोरमंगलातल्या एका जुन्या घरात माझे दीड वर्षांचे रविवार खर्ची पडले, आणि त्या घराच्या निमित्तानं या शहराचा जो इतिहास कळला तो कुठल्या गाइडनं सांगितला नसता. म्हणून हा लेख.

घर एका निवृत्त मेजर साहेबांचं. सांगलीकडचे. वय चौऱ्याऐंशी. एएससीमध्ये नोकरी झाली, शेवटची पोस्टिंग इथंच, मग इथलेच झाले. नाव देत नाही, त्यांनाही आवडणार नाही. मी त्यांना ‘सर’ म्हणायचो आणि बाईंना ‘मॅडम’. तिसऱ्या भेटीत बाई म्हणाल्या, “मॅडम मॅडम काय लावलंयस, काकू म्हण. इथं मराठीत हाक मारणारं कोण आहे आता?” तेव्हापासून काकू.

प्रश्न साधा होता. चाळीस बाय साठचा प्लॉट, त्यावर १९८१ साली बांधायला घेतलेलं आणि १९८३ मध्ये पुरं झालेलं घर. खाली तीन खोल्या, स्वयंपाकघर, वर एक खोली आणि गच्ची. छताला ओल, जिन्याखाली पोपडे, न्हाणीघराच्या भिंतीतून पाणी. मुलगा अमेरिकेत. त्याचं म्हणणं होतं की घर बिल्डरला द्यावं. जुनं पाडून चार मजले होतील, दोन फ्लॅट आपले, लिफ्ट मिळेल, आईच्या गुडघ्यांना जिना नको. बेंगळुरूत याला ‘जॉइंट डेव्हलपमेंट’ म्हणतात आणि कोरमंगलात दर गल्लीत एक तरी चालू असतं. मुलाचं म्हणणं चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. साहेबांना ते पटत नव्हतं, पण का पटत नाही हे त्यांना सांगता येत नव्हतं. एका रविवारी म्हणाले, “तू इंजिनिअर्सचा आहेस. बघून सांग. घर उभं राहण्यासारखं असेल तर राहील. नसेल तर मी सही करून मोकळा होतो. मला खोटा धीर देऊ नकोस.”

मी हातोडी मागितली.

छताला खालून हलक्या हातानं ठोकत गेलं की चांगलं काँक्रीट टणटणीत बोलतं. सुटलेलं असेल तिथं बद्द आवाज येतो. पुढच्या खोल्या ठीक होत्या. मागचं स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि त्यावरचा गच्चीचा भाग मात्र बद्द. एका जागी पोपडा काढला तर आतली सळई गंजून तिच्या पापुद्र्यांचा चुरा हातात आला. सळई पिळाची होती. आजच्या टीएमटी सळईच्या आधी आपल्याकडे सगळीकडे हीच पिळाची ‘टोर’ सळई वापरली जायची. गार पिळून तिची ताकद वाढवलेली असते, पण ओल लागली तर ती लवकर गंजते.

हे सगळं मी पाहत असताना साहेब खुर्चीवरून उठले आणि माळ्यावरची पत्र्याची पेटी काढायला लावली. काळी, पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव लिहिलेली, आपल्या सगळ्यांच्या घरी असते तशी. त्यात घराचा नकाशा, पावत्या, आणि एका पाकिटात घडी केलेली सिमेंटची परमिटं.

तरुण वाचकांना हे सांगावं लागेल. १९८१ साली दुकानात जाऊन सिमेंट विकत घेता येत नव्हतं. किंमत आणि वाटप दोन्ही सरकारच्या हातात. अर्ज करायचा, नकाशा जोडायचा, किती पोती लागणार ते लिहायचं, मग मागितल्याच्या निम्मी मंजूर व्हायची आणि तीही टप्प्याटप्प्यानं. उरलेलं काळ्या बाजारात दुप्पट भावानं. महाराष्ट्रातल्या वाचकांना तो काळ वेगळ्या कारणानं आठवेल. मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांच्यावर सिमेंटच्या वाटपाच्या बदल्यात ट्रस्टसाठी देणग्या घेतल्याचे आरोप झाले आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर जानेवारी १९८२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. प्रकरण पुढे बरीच वर्षं न्यायालयांत फिरत राहिलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्रानं सिमेंटवरचं नियंत्रण अर्धवट उठवलं, आणि पूर्ण उठायला १९८९ उजाडलं.

साहेबांचं घर या दोन्हींच्या मध्ये उभं राहिलं. पुढच्या खोल्यांचा स्लॅब आधी पडला. तेव्हा सिमेंट परमिटचं होतं, पण साहेब रजेवर होते आणि प्रत्येक पोतं स्वतः मोजत होते. नंतर त्यांची बदली झाली. मागचा भाग ते नसताना झाला, गवंड्याच्या भरवशावर. सिमेंट वाचवायची सवय लागलेला गवंडी काय करणार? त्यानं खडी-वाळू वाढवली, पाणी वाढवलं, आणि सळईखाली जेवढं आवरण ठेवायला हवं तेवढं ठेवलं नाही. चाळीस वर्षांनी हातोडीनं नेमकी तीच रेघ दाखवली. साहेब जिथपर्यंत हजर होते तिथपर्यंत छत टणटणीत आणि पुढे बद्द. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. काकू हसल्या.

नुसत्या हातोडीवर मी निकाल दिला नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअर आणला. त्यानं काँक्रीटला ठिकठिकाणी बारीक भोकं पाडून त्यात फिनॉल्फ्थॅलीन फवारलं. ही साधी आणि छान चाचणी आहे. नव्या काँक्रीटमध्ये क्षार असतो, तो सळईला गंजू देत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत जातो आणि तो क्षार मरत जातो. जिथं क्षार जिवंत आहे तिथं फवारलेलं औषध गुलाबी होतं, जिथं मेला आहे तिथं रंग येत नाही. पुढच्या खोल्यांत सळईच्या अलीकडेच गुलाबी रंग दिसला. मागे सळईच्या मागेपर्यंत काही नाही. काकू शिडीखाली उभ्या राहून विचारत होत्या, “गुलाबी आलं का रे?” जणू कुणाच्या पोटाची सोनोग्राफी चालली होती.

आता जमिनीचं बोलू, कारण घराचा दुसरा आजार खालून येत होता.

कोरमंगला हे नाव आज सॉफ्टवेअरवाल्यांनी, कॅफेंनी आणि स्टार्टअपवाल्यांनी जगभर नेलं आहे. फ्लिपकार्ट २००७ मध्ये इथल्याच दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सुरू झाली. पण त्याआधी हे शहराबाहेरचं गाव होतं. आजूबाजूला तळी, भाताची आणि भाजीची शेतं. बेंगळुरूचं पाणी तीन खोऱ्यांनी वाहून जातं, त्यातल्या एका खोऱ्याला कोरमंगलाचंच नाव आहे. शहराच्या मध्यातून निघणारे ओढे, इथं त्यांना ‘राजकालुवे’ म्हणतात, एका तळ्यातून दुसऱ्यात उतरत बेळंदूरच्या तळ्याला मिळत. बीडीए म्हणजे बेंगळुरू विकास प्राधिकरण १९७६ मध्ये स्थापन झालं आणि कोरमंगलाचे ब्लॉक आखले गेले. १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी खेळाडूंची वसाहत उभारली ती तळ्याच्या तळावर. शेजारच्या एका वस्तीच्या नावातच ‘बेड’ आहे, तळ्याचा तळ. माणसं नाव घेतात, अर्थ विसरतात. पाणी विसरत नाही. सप्टेंबर २०२२ च्या पावसात या खोऱ्याच्या खालच्या अंगाच्या वसाहतींमधून माणसं ट्रॅक्टरवर बसून बाहेर काढली, ते टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलंच.

बेळंदूरच्या तळ्याशी फौजेचंही नातं आहे. गावचं सांडपाणी तिथं जाऊन इतकं साचलं की तळ्यावर फेसाचे ढीग यायचे आणि चक्क आग लागायची. पाण्याला आग! १९ जानेवारी २०१८ ला तळ्यातलं गवत पेटलं तेव्हा काठाच्या एएससी सेंटरमधले सुमारे ५,००० जवान ती विझवायला धावले होते. त्या दिवशी तिथं असलेला एक हवालदार मला भेटला. म्हणाला, “उस्ताद, रेकॉर्ड ऑफिसात काय लिहायचं? तळं विझवलं?”

या पाण्याला जुनी गोष्टही आहे. बेंगळुरू वसवणारा केंपेगौडा १५३७ च्या सुमारास मातीचा कोट बांधत होता. दक्षिणेकडचा दरवाजा दिवसा उभा राहायचा आणि रात्री ढासळायचा. सांगणाऱ्यांनी सांगितलं, गर्भवतीचा बळी हवा. त्याची सून लक्ष्मम्मा गरोदर होती. तिनं रात्री कुणाला न सांगता जाऊन स्वतःचा गळा चिरून घेतला, आणि दरवाजा टिकला. तिचं स्मारक कोरमंगलात आहे, एका बागेत. ही दंतकथा आहे, इतिहास नाही, पण आपल्याकडेही प्रत्येक गडाच्या बुरुजाला अशी एक गोष्ट चिकटलेली असते. मी तिथं उभा राहिलो तेव्हा सॅपरच्या डोक्यात नको तो विचार आला. दरवाजा रात्री का ढासळत असेल? तळ्यांच्या मधली चिकण जमीन, कच्ची माती, खालून चढणारी ओल. पाया दोन हात खोल घेतला असता आणि पाण्याला बाजूनं वाट करून दिली असती, तर ती पोर वाचली असती. बायकोला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, “देवळात तरी डोकं बाजूला ठेवत जा.”

साहेबांच्या मागच्या भिंतीला हीच ओल होती. घर बांधलं तेव्हा जोत्याला तीन पायऱ्या होत्या. जुन्या फोटोत काकू तिसऱ्या पायरीवर मुलाला घेऊन बसलेल्या आहेत. आज एकच पायरी उरली आहे. दोन पायऱ्या कुठं गेल्या? रस्त्याखाली. दर काही वर्षांनी जुना डांबराचा थर न खरवडता त्यावर नवा थर पडत गेला आणि रस्ता घराच्या अंगावर चढत गेला. पावसाचं पाणी आता रस्त्यावरून अंगणात येतं. जोत्यावरचा ओल अडवणारा थर जमिनीच्या पातळीला आल्यामुळं निकामी झाला. घर खाली गेलं नव्हतं, शहर वर आलं होतं.

म्हणजे पाडायचं की ठेवायचं?

इथं मला माझ्या गावाकडचं सांगावं लागेल. मी उमरगा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३ ला मी शाळेत होतो. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालं होतं, माणसं उशिरा झोपली होती. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. किल्लारी आणि सास्तूरकडं काय झालं ते मराठी माणसाला सांगायची गरज नाही. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. भूकंप मोठा होता पण जगात याहून मोठे होतात आणि एवढी माणसं मरत नाहीत. मारलं घरांनी. दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, वर मातीचं जड माळवद. भिंतीचा आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, दोघांना बांधणारा जोडदगड नाही. भिंत दोन बाजूंना उकलली आणि माळवद खाली झोपलेल्यांवर आलं.

त्यानंतर जे झालं त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. जागतिक बँकेच्या मदतीनं सरकारनं मोठा पुनर्वसन कार्यक्रम घेतला. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली. चौकोनी आखणी, रुंद रस्ते, वाडा गेला, गल्ली गेली. हे सगळ्यांना माहीत आहे. पण ज्या गावांत घरं पडली नव्हती, नुसती तडकली होती, तिथं दोन लाखांच्या आसपास घरांची जागच्या जागी दुरुस्ती आणि मजबुतीकरण झालं. भिंतीला आरपार भोक पाडून त्यात वाकवलेली सळई आणि काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन्ही थर एकमेकांना धरतात. माळवदावरची माती कमी करायची. भिंतींना सगळीकडून पट्टा बांधायचा. आमचं घर त्यातलंच. माझ्या वडिलांनी तेव्हा सगळ्या गावाशी भांडण घेतलं होतं. गाव म्हणायचं, दगडाचं घर नको, सरकारी पैशात विटांची खोली बांधून घे, दगडानंच माणसं मारली. वडील म्हणायचे, दगडानं नाही, जोडदगड नसल्यानं. तीस वर्षं झाली, आई त्याच घरात राहते. पण मी हेही पाहिलंय की शेजारच्या काकांनी त्यांचं दगडाचं घर पाडलं, कारण त्या भिंतीकडं बघून त्यांना झोप यायची नाही. त्यांना कुणी शहाणपण शिकवू नये. घर ठेवायचं तर त्याच्याखाली झोप आली पाहिजे, हीसुद्धा एक तपासणीच आहे, फक्त तिला औषध नाही.

म्हणून साहेबांना मी दोनच गोष्टी सांगितल्या. पाया घडीव ग्रॅनाइटचा आहे, उत्तम आहे. पुढचा भाग अजून कितीतरी वर्षं चालेल. मागचा भाग ठेवायचा तर खर्च करून ठेवावा लागेल, वरवर गिलावा मारून रंग दिला तर पाच वर्षांत पुन्हा हेच. आणि मुलाशी मी बोलेन, पण तुमच्या बाजूनं नाही, काय आहे ते सांगायला.

मुलाचा प्रश्न होता, “तुम्ही गॅरंटी देता का?” मी म्हणालो, गॅरंटी देत नाही. इंजिनिअरचा रिपोर्ट पाठवतो, फोटो पाठवतो, जिथं शंका असेल तिथं तुमच्या माणसाकडून तपासून घ्या. त्यानं खरोखरच तपासून घेतलं. ते मला आवडलं.

काम सुरू झालं जानेवारी २०२४ मध्ये आणि मुहूर्त फारच वाईट निघाला. मार्चमध्ये बेंगळुरूचं पाणी आटलं. बोअर कोरडे, टँकरचे भाव चढलेले. पिण्याचं पाणी बांधकामाला, बागेला, गाडी धुवायला वापराल तर ५,००० रुपये दंड, असा जलमंडळाचा हुकूम निघाला. काँक्रीटचं काम आणि पाणी नाही! शेवटी मिसळायला शेजारच्या बोअरचं तपासलेलं पाणी आणि भिजवायला शुद्धीकरण केलेल्या सांडपाण्याचा टँकर, असं जमवलं. गोणपाटं ओली ठेवून वर प्लॅस्टिक अंथरलं म्हणजे पाणी कमी लागतं. याच कोरमंगला खोऱ्याचं शुद्ध केलेलं सांडपाणी २०१८ पासून कोलारच्या कोरड्या तळ्यांत सोडतात. थोडं आम्ही साहेबांच्या गच्चीवर सोडलं.

छताचं काम कसं झालं ते थोडक्यात. खालून लोखंडी टेकू. सुटलेलं काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत फोडून काढायचं, इथं हात आखडता घ्यायचा नाही. गंज ब्रशनं घासून चकचकीत. जिथं सळई झिजून बारीक झाली तिथं शेजारी नवी जोडायची. मग गंजरोधक लेप, मग पॉलिमर मिसळलेला मसाला थराथरानं. न्हाणीघरावरचा एक तुकडा मात्र पूर्ण कापून नवा ओतावा लागला, तो वाचण्यातला नव्हता. गच्चीवरचा जुना कोबा काढला, उतार नव्यानं दिला. मूळ उतारच चुकला होता. चाळीस वर्षं पाणी पन्हळीकडं न जाता जिन्याच्या कोपऱ्याकडं जात होतं आणि दर पावसाळ्यात साहेब त्याच कोपऱ्यावर डांबर ओतत होते.

वायरिंग पूर्ण बदललं. जुन्या ॲल्युमिनियमच्या तारा आणि चिनी मातीचे फ्यूज १९८३ च्या दोन पंख्यांसाठी आणि एका फ्रिजसाठी ठीक होते, त्यावर आता गीझर, वॉशिंग मशीन आणि दोन एसी चालत होते. हे पाहून मला छतापेक्षा जास्त भीती वाटली होती. वाचकांपैकी ज्यांची घरं ऐंशीच्या दशकातली आहेत त्यांनी बाकी काही केलं नाही तरी चालेल, पण वायरिंग आणि अर्थिंग एकदा तपासून घ्या.

लोखंडी नळ गेले. न्हाणीघराचा उंबरा काढला, धरायला दांडे लावले, दार रुंद केलं, उद्या चाकाची खुर्ची आली तर वळेल एवढं. काकूंची झोपायची खोली खाली आणली. लिफ्टचा प्रश्न असा सुटला की वर जायचंच नाही. अंगणाच्या कडेनं चर खोदून खडी भरली, रस्त्याचं पाणी आता भिंतीला न लागता संपाकडं वळतं. गच्चीचं पाणी गाळून संपात घेतलं. २००९ च्या कायदादुरुस्तीनंतर या मापाच्या प्लॉटवरच्या जुन्या घरांनाही हे बंधनकारकच आहे. साहेबांनी तेव्हा एक पाइप लावून कागद पुरा केला होता, पाणी कुठंच जात नव्हतं. बेंगळुरूचा पाऊस वर्षाला ९७० मिलिमीटरच्या आसपास. शंभर चौरस मीटरच्या छतावर जवळजवळ सत्त्याण्णव हजार लिटर होतात, थोडं वाया जातं ते धरूनही टँकर कितीतरी कमी लागतात. कावेरीचं पाणी १९७४ पासून शंभरेक किलोमीटरवरून, पाचशे मीटर वर चढवून या शहरात आणतात. आणि डोक्यावर पडलेलं गटारात सोडतात.

सगळं वाचलं असं नाही. पुढच्या खोलीतली लाल ऑक्साइडची फरशी आरशासारखी होती, काकूंनी वर्षानुवर्षं खोबरेल लावून घासलेली. नळाची लाइन टाकताना ती मधोमध फोडावी लागली. बेंगळुरूत ती घोटणारे जुने कारागीर थोडे उरलेत, एक मिळाला, पण जुन्या-नव्याचा रंग जुळला नाही. एक गडद पट्टा कायमचा राहिला. काकू दोन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. पोर्चवरची मंगळुरी कौलं मात्र उतरवून, धुऊन, परत चढवली. त्यातली चार फुटली. ही कौलं करण्याचा पहिला कारखाना बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगळुरूत काढला होता. सांगलीतल्या साहेबांच्या आजोबांच्या घरावरही मंगळुरी कौलंच होती.

काम चालू असताना एकदा साहेब म्हणाले, “शहाजीराजे या गावात किती वर्षं होते, माहीत आहे?” मी म्हणालो, आदिलशाही फौजेनं १६३८ मध्ये बेंगळुरू घेतलं, मग जहागीर राजांकडं आली, त्यांच्या मागं एकोजीराजे, आणि १६८७ मध्ये मोगल आले तेव्हा गेलं, पुढं म्हैसूरकरांनी तीन लाखांना घेतलं. जवळजवळ पन्नास वर्षं. “मग दाखव मला त्यांचा वाडा,” साहेब म्हणाले. मी गप्प. किल्ल्याचा एक दरवाजा आहे, टिपूचा लाकडी महाल आहे. शहाजीराजांचा म्हणून बोट ठेवावं असं काही उरलेलं नाही. ज्या दरबारात जयराम पिंड्ये राधामाधवविलासचंपू वाचायचा, तो कुठल्या गल्लीत होता हे छातीठोकपणे सांगणारा कुणी मला भेटला नाही. साहेब म्हणाले, “त्यांचं नाही राहिलं, माझं काय राहणार.” आणि लगेच गवंड्याला ओरडले, कारण तो पॉलिमरच्या मसाल्यात नजरेनं पाणी घालत होता. त्यानंतर रोज सकाळी खुर्ची टाकून मोजमापाचा मग स्वतःच्या हातात. १९८२ साली बदलीमुळं जे हुकलं होतं ते त्यांनी भरून काढलं.

काम ऑगस्टात संपलं. मुलगा दिवाळीत आला, सगळं घर फिरून पाहिलं, गच्चीवर उकिडवा बसून उतारावर पाणी ओतून बघितलं. म्हणाला, “ठीक आहे. तुम्ही दोघं आहात तोवर.” पुढं काय, यावर कुणी काही बोललं नाही आणि माझाही तो विषय नाही.

माझा बदलीचा हुकूम या महिन्यात आला. निरोप घ्यायला गेलो तेव्हा साहेबांनी परमिटाचं पाकीट पुढं केलं. “तुझ्याकडं ठेव, इथं कुणाला वाचता येणार नाही.” मी नको म्हणालो. पेटी परत माळ्यावर चढवली. या वेळी त्यात इंजिनिअरचा रिपोर्ट, नवा वायरिंगचा नकाशा आणि गवंड्याचा फोन नंबर ठेवला आहे. काकूंनी वाटेत खायला चकल्या दिल्या आणि उंबऱ्यापर्यंत सोडायला आल्या. उंबरा नाही, तो काढला ना. दारापर्यंत.